देशाच्या रकान्यातली माणसं

उस्ताद इद्रीस. हे नाव आधी लिहितो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातलं जे काही चांगलं झालं ते त्यांच्यामुळे झालं. लिहिता लिहिता मी भलतीकडे गेलोच, तर निदान त्यांचं नाव तरी छापून येईल.

उस्ताद सुदानचे, ओमदुरमान शहरातले. तिथे शाळेत अरबी शिकवायचे. शारजातल्या आमच्या ऑफिसात अरबी मजकूर तपासायचे आणि मीटिंगमध्ये दुभाषी म्हणून बसायचे. उंच, काळेसावळे, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट आणि खिशात कागदात गुंडाळलेलं आलं. कॅन्टीनच्या चहावर त्यांचा विश्वास नव्हता.

माझं म्हणाल, तर मी मंडणगड तालुक्यातला. नववीत शाळा सुटली. वडील बोटीवरून आजारी होऊन परत आले, घरात मोठा मी, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. मामांच्या ओळखीने मुंबईत लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात लागलो. तिथे उर्दू टाइप करायला शिकलो. मदरशात लहानपणी अरबी वाचायला शिकलो होतो, म्हणजे उच्चार करायला. अर्थ कुणी सांगितला नव्हता, आम्हीही विचारला नव्हता. पण अक्षरांची ओळख होती, तेवढ्या भांडवलावर शारजाच्या एका टायपिंग सेंटरात नोकरी मिळाली.

टायपिंग सेंटर ही इथली खास चीज आहे. सरकारी कचेरीत अर्ज अरबीत लागतो, आणि निम्म्या गावाला अरबी येत नाही. म्हणून गल्लीगल्लीत अर्ज टाइप करून देणारी दुकानं. तिथे मी अर्थ न कळता अरबी टाइप करत असे. मालक नमुना द्यायचा, मी नाव-गाव बदलायचो. एकदा एक पठाण ड्रायव्हर आला. म्हणाला, “लिखो, मैं रो रहा हूँ.” मी विचारलं, कुठे लिहू, वर की खाली? तो म्हणाला, “ऊपर. साहब नीचे तक नहीं पढ़ता.” पुढे जे काम करायला लागलो त्याचा पहिला धडा मला त्या ड्रायव्हरने दिला, असं आता वाटतं.

हे पुढचं काम म्हणजे आत्ताचं. ऑफिस आरोग्यावर संशोधन करणाऱ्या लोकांचं आहे. त्यांना अरबी पानं जुळवणारा माणूस हवा होता. मुलाखतीला उस्ताद बसले होते. एक कागद पुढे सरकवून म्हणाले, “पढ़ो.” मी मदरशातल्यासारखा सुरात वाचला, एकही उच्चार न चुकता. ते खूश झाले. म्हणाले, “मतलब?”

मी म्हणालो, “नहीं मालूम.”

उस्ताद इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, झालं, आता परत टायपिंग सेंटर. पण ते मॅनेजरकडे वळून म्हणाले, “इसको रखो. जो आदमी बोलता नहीं मालूम, वो हमारा काम का आदमी.” उस्तादांची हिंदी गल्फची होती. बायका, पुरुष, काल, आज, सगळ्यांना एकच क्रियापद. त्या हिंदीत त्यांनी पुढे कित्येक वर्षं, रोज दुपारी स्वतःच्या हाताने केलेला आल्याचा चहा पाजत मला अरबी शब्दांचे अर्थ शिकवले. चाळिशीच्या माणसाला कोण शिकवतं हो? आणि तेही न चिडता.

आता काम काय ते सांगतो. डॉक्टर लोक अभ्यास करतात. कुणाला कुठला आजार जास्त होतो, का होतो. त्याचा मोठा जाडजूड रिपोर्ट निघतो. तो रिपोर्ट ज्यांनी वाचून नियम करायचे, ते अधिकारी तो वाचत नाहीत. वाईट माणसं असतात म्हणून नव्हे. त्यांच्या टेबलावर असे रिपोर्ट रोज येतात, वेळ कुठून आणणार? मग आम्ही त्या रिपोर्टाचा एक कागद करतो. एका अंगाला अरबी, दुसऱ्या अंगाला इंग्रजी. वर एक ओळ, मध्ये एक चित्र, खाली काय करावं ते. सगळा अभ्यास, सगळी मेहनत त्या एका कागदावर उभी असते. कागद चुकला की सगळं चुकलं. मी मुळात काळजी करणारा माणूस; मला हे काम मिळालं आणि काळजीला हक्काची जागा मिळाली.

कागद कसा चुकतो त्याचा एक नमुना. उन्हामुळे आजारी पडणाऱ्या कामगारांचा एक आलेख होता. दर उन्हाळ्यात आकडा वाढतोय, रेघ डावीकडून उजवीकडे चढत जातेय. आता अरबी पान उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे कॉम्प्युटरने अख्खं पान आरशात धरल्यासारखं फिरवलं. रेघही फिरली. खालची सालं मात्र चित्र म्हणून चिकटवलेली होती, ती जागची हलली नाहीत. म्हणजे अरबी पानावर आजार दरवर्षी कमी होऊ लागला. इंग्रजीवाल्यांनी इंग्रजी बाजू तपासली, अरबीवाल्यांनी अरबी. दोन्ही शेजारी धरून कुणी बघितल्याच नाहीत. काही दिवसांनी एका खात्यातून अभिनंदनाचा फोन आला. माशाल्ला, फार छान प्रगती आहे म्हणे. तो फोन उस्तादांनी घेतला होता. ठेवल्यावर शांतपणे म्हणाले, “आदमी लाइन पढ़ता. नंबर नहीं पढ़ता.” तेव्हापासून कुठलाही कागद जाण्याआधी आम्ही तो खिडकीच्या काचेला लावून दोन्ही बाजू एकदम बघतो. ऑफिसात नवीन आलेली पोरं हसतात. हसू देत.

पण खरी गोष्ट किडनीच्या कागदाची आहे.

तो अभ्यास डॉक्टर केतकीचा. आईवडील डोंबिवलीचे, हिचा जन्म आणि शाळा शारजातली. मराठी छान बोलते, पण वाक्य वळणावर आलं की इंग्रजीत शिरतं. मला अश्रफ अंकल म्हणते. तिला बघायचं होतं की इथल्या कामगारांत किडनीचा त्रास कुणाला जास्त होतो. हमरिया फ्री झोनमधल्या लोखंडकामाच्या यार्डांत आणि रास अल खोरच्या गोदामांत, ऑफिसांत जाऊन रक्त, लघवी, ब्लडप्रेशर तपासायचं आणि थोडे प्रश्न विचारायचे. हिंदी-मराठी माणसांशी बोलायला ती मला बरोबर न्यायची.

हमरियात मला निवृत्ती भेटला. पाटण तालुक्यातला, माझ्याहून लहान. काम ब्लास्टिंगचं. म्हणजे जाड सूट आणि डोक्यावर बंद टोप घालून, हवेच्या दाबाने लोखंडी पत्र्यांवर बारीक खडी मारायची आणि गंज उतरवायचा. दुपारच्या उन्हाची सुट्टी कायद्याने मिळते, पण सकाळ काही थंड नसते. त्या सुटात घाम नुसता वाहत असतो. आणि लघवीला जायचं तर सगळा सूट उतरवा, परत चढवा. मग ही माणसं काय करतात? पाणीच कमी पितात.

निवृत्ती आधी रक्त द्यायला तयार नव्हता.

“रक्त कशाला?”

“अभ्यासाला.”

“कुणाच्या?”

“डॉक्टर मॅडमच्या.”

“म्हंजे त्या पास होणार आणि आमचं रक्त जाणार. बरंय की.” त्याच्या खोलीतले सगळे हसले. नंतर माझ्याकडे बघून म्हणाला, “अश्रफभाई, तुम्ही सांगताय का? तुम्ही आपल्याकडचे. यातनं आमचं काय वाकडं होणार नाही, असं तुम्ही सांगताय का?”

मी हो म्हणालो. त्याने बाही वर केली. त्याच्या मागे अख्ख्या खोलीने केली.

रिपोर्ट आला तेव्हा निवृत्तीच्या किडन्या थकल्याचं निघालं. अजून वेळ गेलेली नव्हती, पण जपायला हवं होतं. केतकीने त्याला बसवून नीट समजावलं, गोळ्या, पाणी, सगळं. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. तो स्टोव्हवर सुकटीचं कालवण करत होता. म्हणाला, “कंपनीला कळायला नको बरं का. पोरगी नर्सिंगला आहे, अजून शिकायची आहे.”

“कुणाला कळणार नाही. कागदात तुझं नाव नाही.”

“गाव?”

“गावही नाही.”

“मग काय आहे?”

“वय आहे, काम आहे, देश आहे.”

“देश आहे ना? मग झालं की,” निवृत्ती कालवण ढवळत म्हणाला, “हितं पगार देशावर ठरतो. आजारपण पण देशावर ठरवतील.”

मी त्याला म्हणालो, काहीतरीच बोलू नकोस. पण घरी येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये अडकलो होतो, तेव्हा ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण केतकीच्या कागदाचा कच्चा नमुना माझ्याच कॉम्प्युटरवर होता. आणि त्यात मधोमध चित्र होतं ते देशांचंच. या देशाच्या माणसांना किडनीचा त्रास जास्त, त्या देशाच्या माणसांना कमी. इथे सगळ्याच कागदांवर देशाचा रकाना असतो, त्यामुळे तसं चित्र करणं कुणालाच वेगळं वाटलं नव्हतं. मीच रंग भरले होते. आपल्या देशाचा खांब चांगला उंच होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी उस्तादांना मनातलं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा चढवला, खुर्चीत मागे रेलले आणि केतकीला हाक मारून म्हणाले, “अभी मैं मुदीर.” मुदीर म्हणजे साहेब. “मेरा पास टाइम नहीं. मैं देखा, ये मुल्क, ये मुल्क, ये मुल्क. मैं बोला, ओहो, ये लोग कमज़ोर. खलास. दूसरा कागज़ लाओ.”

केतकी म्हणाली, “उस्ताद, बट दॅट्स अ राँग रीडिंग.”

“हाँ बेटी. गलत पढ़ने वाला भी साइन करता.”

मी म्हणालो, “मॅडम, देश काढूनच टाकू या का? ‘बाहेर काम करणारे’ एवढंच लिहू.”

केतकी चिडली की आवाज बारीक होतो तिचा. “अंकल, मग प्रश्नच गायब होतो ना. बाहेरचं ते काम ठरावीक देशांच्याच माणसांना मिळतं, दॅट्स द होल पॉइंट. माझ्या शाळेत एवढे देश होते. कुणाचे बाबा ब्लास्टिंग करत नव्हते. देश लपवला, तर हे होतंय हेच दिसणार नाही. आपण मग अभ्यास कशाला केला?”

तिचं खरं होतं. आणि माझी भीती पण खरी होती. इथला राहण्याचा परवाना ठरावीक मुदतीने नवा करावा लागतो. कुणी चांगल्या मनानेच म्हटलं, या देशांच्या माणसांची किडनी तपासून मगच परवाना द्या, तर निवृत्ती पहिल्या फेरीत घरी. त्याच्या खोलीतले आणखी काहीजण त्याच्या पाठोपाठ. माझ्या शब्दावर बाह्या वर करणारी माणसं, आणि त्यांच्याच रक्ताने त्यांना घरी पाठवलेलं. देश ठेवावा तर माणूस जातो, काढावा तर त्याचं गाऱ्हाणं जातं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. भेसूर स्वप्नं पडायची, ती सांगत नाही.

वाट केतकीनेच काढली. तिने सगळे आकडे परत उकलले आणि वेगळ्या तऱ्हेने मांडले. एकाच देशाची माणसं घेतली, आणि त्यांचे दोन भाग केले. यार्डात उन्हात राबणारी आणि गोदामात, ऑफिसात सावलीत काम करणारी. देश एक, वय साधारण एक. किडन्यांत मात्र फरक. असंच दुसऱ्या देशाचं, तिसऱ्या देशाचं. सगळीकडे तेच. उस्तादांनी वरची ओळ अरबीत बांधली: देश तोच, काम वेगळं. देशांचं जुनं चित्रही ठेवलं, पण दुसऱ्या पानावर, आणि त्याखाली कुठल्या देशाच्या माणसांना कुठलं काम मिळतं ते. एका कागदाचे दोन कागद झाले, आमच्या ऑफिसात हे मोठं पाप. मॅनेजर कुरकुरले. पण जाऊ दिले.

मीटिंग एका खात्याच्या ऑफिसात होती. तिथले साहेब अबू राशिद. राशिद हा त्यांचा थोरला मुलगा. इथे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाचा बाप म्हणून मानाने हाक मारतात. माणूस अत्यंत सभ्य. दारापर्यंत घ्यायला आले. केतकीच्या आईवडिलांची चौकशी केली, उस्तादांच्या गावाकडे, सुदानात चाललेल्या लढाईची चौकशी केली आणि खरोखर वाईट वाटून ऐकलं. मला म्हणाले, “मुंबई?” मी मान हलवली. मंडणगड समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मग कॉफी आली. बिनदुधाची, वेलचीची, चिमुकल्या कपात. रीत अशी, की पुरे झाली की कप हलकेच हलवायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. मला रीत माहीत होती. पण मी एवढा घाबरलेला होतो की हात हलेना. माझं काम फक्त लॅपटॉपवर पानं पुढे सरकवायचं. केतकी इंग्रजीत बोलत होती, उस्ताद अरबीत सांगत होते, मी पान सरकवत होतो आणि कॉफी पीत होतो.

अबू राशिदांनी पहिलं पान बघितलं, मान डोलावली. दुसरं बघितलं. तिथे देशांचे खांब होते. तिथे त्यांची नजर थांबली. आणि ते जे बोलले ते मला उस्तादांच्या कृपेने थेट अरबीत कळलं. न कळतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “बिचारे. म्हणजे हा आजार यांच्या रक्तात आहे. मग यांना आणतानाच तपासायला हवं. आणि परवाना नवा करताना पण. किडनी ठीक असेल तरच उन्हात काम. त्यांचाच जीव वाचेल, नाही का?”

त्यात वाईट हेतू नव्हता हो. हीच तर पंचाईत होती.

केतकीने उत्तर दिलं. बरोबर उत्तर होतं, पण रिपोर्टाच्या भाषेतलं. उस्तादांनी ते शब्दाला शब्द अरबीत केलं. दुभाषाचा नियमच तो, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. अबू राशिद आदराने ऐकत होते, पण त्यांचा हात फोनकडे गेला होता. शेजारी बसलेला त्यांचा माणूस काहीतरी टिपून घेत होता. मला दिसत होतं की तो तपासणीचंच टिपतोय. माझ्या डोळ्यांपुढे निवृत्तीची वर केलेली बाही. मला बोलायला हवं होतं. शब्दसुद्धा येत होते, उस्तादांनीच शिकवलेले. तोंडातून आवाज निघाला नाही. कपात मात्र कॉफी पडत होती.

तेवढ्यात उस्तादांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, “अबू राशिद, आतापर्यंत मी या मुलीची जीभ होतो. तुमची परवानगी असेल तर आता माझं स्वतःचं एक विचारतो.”

केतकीने दचकून त्यांच्याकडे बघितलं. दुभाषाने असं करायचं नसतं. अबू राशिद म्हणाले, “बोला उस्ताद.”

“तुमच्या घरात कुणी मोती काढायला समुद्रात जायचं?”

“आजोबा,” अबू राशिद म्हणाले. इथे त्या पिढीत किनाऱ्यावरची पुष्कळ माणसं मोत्यांसाठी बुड्या मारत. “का?”

“त्यांचे कान कसे होते?”

अबू राशिद हसले. “कान? ठार बहिरे. आम्ही पोरं ओरडून बोलायचो, तर त्यांना वाटायचं आम्ही भांडतोय. काठी घेऊन यायचे मागे. ते आणि त्यांचे भाऊ, शेजारचे, सगळे तसेच. ओसरीत बसून सगळे एकमेकांवर ओरडायचे. आजी म्हणायची, ही मजलिस आहे की मासळीबाजार.”

सगळे हसले. उस्तादही हसले. मग म्हणाले, “म्हणजे तुमच्या कुळाचे कान कमजोर होते?”

अबू राशिद हसता हसता थांबले. “नाही. समुद्राने केलं ते. बुडी मारून मारून.”

“आणि बोटीच्या मालकाने फक्त चांगल्या कानांची पोरं निवडून नेली असती तर?”

 अबू राशिद पडद्याकडे वाकले. मला हाताने खूण केली, पहिलं पान. मी घाईघाईत चुकून भलतंच दाखवलं, मग पहिलं दाखवलं. त्यांनी ते या वेळी सावकाश वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाले, “तीसुद्धा एक-दोन हंगामांत बहिरी झाली असती.” आणि केतकीकडे वळून इंग्रजीत, “डॉक्टर, तुम्ही सांगा. काय करायचं?”

केतकी हुशार पोरगी. तिने रिपोर्टाची भाषा टाकून दिली. म्हणाली, “सर, पाणी कामाच्या अगदी जवळ हवं. सूट उतरवून बसायला थंड जागा हवी आणि त्यासाठी वेळ हवा. तपासणी जरूर करा, सगळ्यांची करा, देश बघून नको. पण निकाल त्या माणसाच्या हातात द्या, कंपनीच्या नको. परवान्याशी जोडलात तर कुणी तपासायला येणारच नाही. आजार लपवतील.”

अबू राशिद म्हणाले, “इन्शाल्ला.”

गल्फमध्ये राहिलेल्याला माहीत आहे, इन्शाल्ला, म्हणजे देवाच्या मनात असेल तर, हा नाना तऱ्हेचा असतो. विसरा म्हणणारा असतो, बघू म्हणणारा असतो. हा कुठला होता ते मला कळेना. उस्तादांना लिफ्टमध्ये विचारलं. ते म्हणाले, “ये अच्छा वाला.” मग केतकीकडे वळून म्हणाले, “माफ करो बेटी. मैं तुम्हारा बात में मेरा बात डाला.” केतकीने भर लिफ्टमध्ये त्यांना मिठी मारली. ते इतके अवघडले, की भलत्याच मजल्याचं बटण दाबलं.

परवान्याच्या वेळी देश बघून किडनी तपासायची कल्पना पुढे कुठल्याच कागदावर आली नाही. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. या धंद्यात कुठला कागद कुठे पोचला ते कधीच नक्की कळत नाही. काही यार्डांत बसायला थंड खोल्या आल्या. सगळीकडे नाही आल्या. ज्या खोल्यांत आम्ही गेलोच नाही तिथे कितीजण अजून कमी पाणी पीत असतील, ते मनात येतं आणि चांगलं वाटत नाही. निवृत्तीला त्याच्या फोरमनने स्टोअरमध्ये घेतलं. आता तो एसीत बसून नट-बोल्ट देतो आणि मला फोन करून तक्रार करतो, “अश्रफभाई, हितल्या गारठ्यानं हाडं दुखाय लागलीत. याचा पण अभ्यास करा की.” पोरगी नर्स झाली. तीच आता त्याला फोनवर पाण्याबद्दल दम देते.

प्रोजेक्ट संपल्यावर उस्तादांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे गेलं नाही. त्या दिवशी ते मध्ये बोलले त्याचा याच्याशी संबंध नाही, असं सगळे सांगतात. खरंही असेल. भाषांतर आता कॉम्प्युटरही करतो. गावाकडे लढाई चालूच होती, घर राहिलं नव्हतं, म्हणून ते मुलीकडे कैरोला गेले. एअरपोर्टवर मी पोचवायला गेलो होतो. आभार मानायला म्हणून अरबीत चार वाक्यं पाठ करून गेलो. पहिलं वाक्य झालं आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “ज़बर-ज़ेर ठीक है.” म्हणजे अरबीतले काने-मात्रे बरोबर आहेत. “अब घर जाओ, ट्रैफिक होगा.”

मध्यंतरी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. तिथे सुदानहून आलेली पुष्कळ माणसं आहेत. उस्ताद साखर तपासायला एका दवाखान्यात रांगेत उभे होते. तिथे कुणीतरी बोलताना त्यांनी ऐकलं, या सुदानी लोकांना साखर असायचीच, त्यांच्या जातीतच आहे ती. उस्ताद हसत हसत सांगत होते. मी उलट मेसेज करून विचारलं, मग तुम्ही काय बोललात?

त्यांचं उत्तर आलं, “कुछ नहीं. उधर मैं बीमार था, अश्रफ. लाइन में था.”

हे मी पुन्हा पुन्हा ऐकलं. माझ्या माणसांसाठी अबू राशिदांसमोर जो माणूस बोलला, तो स्वतःच्या माणसांबद्दल ऐकून गप्प राहिला, कारण तिथे तो रांगेतला एक सुदानी होता. त्याच्या बाजूने बोलायला दुसऱ्या कुणी असायला हवं होतं. त्या दिवशी निवृत्तीच्या बाजूने मी असायला हवं होतं, तसं.

उस्ताद, तुम्हाला मराठी येत नाही, केतकी तुम्हाला हे इंग्रजीत करून वाचून दाखवील, तिच्याकडून तसं कबूल करून घेतलं आहे. माझी अरबी अजून अडखळते, छाती अजून धडधडते, आणि साहेबलोकांपुढे माझ्या जिभेला अजून कुलूप लागतं. पण आमच्या ऑफिसात कागद येतच असतात, आणि इथे सुदानी माणसंही पुष्कळ आहेत. कधीतरी एखाद्या मीटिंगमध्ये तुमच्या लोकांचा खांब पडद्यावर दिसेल, आणि कुणीतरी चांगल्या मनानेच म्हणेल की हे यांच्या रक्तात आहे. त्या दिवशी मी परवानगी मागीन, आणि तुमचं माझ्यावर जे आहे ते उभं राहून, माझ्या स्वतःच्या तोंडाने, अरबीत फेडीन.